अथातो पाहुणेजिज्ञासा

सासू ही व्यक्ती आहे की वास्तव्य, हा प्रश्न जैमिनींना पडला नाही. ते भाड्याच्या घरात राहत होते असा पुरावाही उपलब्ध नाही. त्यामुळे यज्ञातले भात कुठवर कांडायचे याची त्यांच्या मीमांसाशास्त्रात कसून चर्चा सापडते. पण डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकन नावाच्या उपनगरात दोन बेडरूमचे घर भाड्याने घेतलेल्या मराठी माणसाने सासूबाई येणार असल्याचे घरमालकाला सांगावे की नाही, यावर एकही अधिकरण नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रस्तुत लेखकाचा नम्र यत्न आहे.

अधिकरणाची पद्धत जुनीच ठेवली आहे: आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग सिद्धांत. उदाहरणालाही जुनाच माणूस घेतला आहे. शास्त्रग्रंथांत देवदत्त नावाचा एक गृहस्थ शतकानुशतके बिनपगारी राबतो आहे. तो गावाला जातो, भात शिजवतो, दिवसा जेवत नाही तरी लठ्ठच राहतो. हल्ली तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. आयर्लंडमध्ये त्याची नोकरी पक्की आहे, बायकोला आठवा लागला आहे, आणि डिंक, अळीव, बाळंतशेपा अशी सामग्री घेऊन सांगलीहून सासूबाई नव्वद दिवसांच्या व्हिसावर निघाल्या आहेत. देवदत्त रात्री अकरा वाजता घरमालकाला ईमेल लिहायला बसला आहे आणि पहिल्याच वाक्यात तिसऱ्यांदा ‘सॉरी’ म्हणतो आहे.

आधी प्रमाणग्रंथ. या क्षेत्रात श्रुतीचे स्थान २००४ च्या निवासी भाडेकरार कायद्याला आहे. त्याही वर आयर्लंडची १९३७ ची राज्यघटना. तिच्या चाळिसाव्या अनुच्छेदात नागरिकाचे राहते घर अभंग मानले असून कायद्याच्या आधाराशिवाय तिथे बळाने शिरता येत नाही असे म्हटले आहे. रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्ड, म्हणजे सगळे ज्याला आरटीबी म्हणतात ते मंडळ, जी मार्गदर्शक माहिती देते ती स्मृती. लेटिंग एजंटचे ईमेल हा शिष्टाचार. आणि मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप हा लोकप्रवाद, जो सर्वांत आधी वाचला जातो. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवान, हा मीमांसेचा नियम. गंमत अशी की आयरिश संसदेने हाच नियम २००४ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये आणून ठेवला आहे: मालकाची कायद्याने सांगितलेली कर्तव्ये करारनाम्यातल्या कुठल्याही कलमाने कमी करता येत नाहीत. भाडेकरूवर जादा अटी घालता येतात, पण त्या कायद्याशी जुळल्या पाहिजेत. बाराव्या पानावर बारीक अक्षरात ‘मालक कधीही येऊ शकेल’ असे छापलेले असले, तर ते वाक्य तिथे केवळ शाई वाळावी म्हणून आहे.

पहिले अधिकरण किल्लीचे. विषय असा की घराची एक किल्ली मालकाकडे असते. संशय असा की किल्ली असणे म्हणजे येण्याचा अधिकार असणे काय? पूर्वपक्षी म्हणतो, होय. घर त्याचे, कुलूप त्याचे, कर्ज त्याचे, तेव्हा येणेही त्याचेच. यावर सिद्धांत असा की कलम १२ प्रमाणे भाडेकरूला घरात शांतपणे आणि दुसऱ्या कोणाचा वाटा नसलेल्या ताब्याने राहू देणे हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे. पहिले म्हणजे यादीतही पहिले. दुरुस्ती, विमा वगैरे नंतर. मालकाने आत यायचे ते भाडेकरूच्या संमतीने. उलट बाजूने कलम १६ भाडेकरूला सांगते की वाजवी अंतराने मालकाला घर पाहू द्यावे, पण दिवस आणि वेळ दोघांनी आधी ठरवून. अपवाद एकच, आणीबाणीचा: आग, फुटलेला पाइप, गॅसची गळती. आणि भाडेकरूला कुलूप बदलायचे असेल तर त्यालाही मालकाची लेखी संमती लागते, कारण दाराच्या कुलपात फेरफार करणे हा कायद्याने घरातच केलेला फेरफार ठरतो. म्हणजे एकाकडे किल्ली आहे पण ती फिरवता येत नाही, दुसऱ्याला कुलूप फिरवता येते पण बदलता येत नाही. द्वैत आणि अद्वैत या दोन्ही मतांच्या आचार्यांना इतका समतोल साधला नव्हता.

‘वाजवी अंतर’ म्हणजे किती, हे कायद्याने आकड्यात सांगितलेले नाही. इथे भाष्यकारांना खूप वाव आहे. एजंट म्हणतात तीन महिने; ग्रुपवर कोणी म्हणते वर्षातून एकदा; देवदत्ताच्या मते वाजवी अंतर म्हणजे त्याला घर आवरायला लागतो तेवढा वेळ अधिक एक दिवस. पाहणीच्या आदल्या रात्री मराठी घरात जे घडते त्याला कायद्यात तोड नाही. ओव्हन आतून घासला जातो. वर्षभर न हललेला सोफा हलतो. देवघरापुढे उदबत्तीने पडलेला काळा डाग टूथपेस्टने पुसला जातो. प्रेशर कुकर कपाटात जातो, जणू तो बेकायदा राहणारा इसम आहे. वस्तुतः पाहणीचा हेतू घराची स्थिती बघणे हा आहे, गृहिणीची परीक्षा घेणे हा नव्हे. बरे, परीक्षा खरी मालकाचीच असते. २०१९ च्या नियमांनुसार भाड्याच्या घरात मालकाने काय काय द्यावे याची यादी आहे, आणि स्थानिक परिषदेचे निरीक्षक ती तपासू शकतात: चार शेगड्यांचा हॉब, ओव्हन, ग्रिल, धूर बाहेर टाकणारा पंखा, फ्रिज आणि फ्रीझर, कपडे धुण्याचे यंत्र, आणि मायक्रोवेव्ह. होय, मायक्रोवेव्ह. हे नियम झाले तेव्हा पंतप्रधानपदी लिओ वराडकर होते, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. तरीही यादीत मायक्रोवेव्ह सक्तीचा झाला आणि खोबरे खवायची विळी राहून गेली. वंश आणि कायदा यांचा संबंध फार ताणू नये, हे यावरून दिसते.

तुलनेसाठी घरचा संदर्भ. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही कलम २८ आहे: मालकाला वाजवी वेळी, आधी सूचना देऊन जागा पाहता येते. सूचना द्यायची, एवढे ते कलम सांगते. मात्र पुण्यात किंवा ठाण्यात अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहिलेल्या कोणाही माणसाला विचारा, सूचना म्हणजे बहुधा बेल असते. (करार नोंदणीतून सुटावा म्हणून अकरा महिन्यांचा करतात, अशी समजूत अजून जोरात आहे. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी हवा आणि नोंदवायलाच हवा. अकरा हा आकडा आता केवळ परंपरेने जिवंत आहे, लग्नातल्या अकरा रुपयांसारखा.) देवदत्त हे शिक्षण घेऊन आलेला आहे. त्याला मालक दारात दिसला की उभे राहायची सवय आहे, आणि दार फोनमध्ये असले तरी तो उभा राहतो.

दुसरे अधिकरण धुराचे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राचे मुळाक्षर. पण आयर्लंडच्या घरात छतावर स्मोक अलार्म असतो, आणि सासूबाई जिरे-मोहरीची फोडणी अनुभवाने देतात, मोजून नव्हे. अलार्म किंचाळतो. शेजारीण बाहेर येते. आता संशय असा की अलार्म वाजला म्हणजे आग लागली, आग म्हणजे आणीबाणी, आणि आणीबाणीत मालकाला संमतीविना आत येता येते. तेव्हा कढीपत्ता पडल्यामुळे मालक आत येऊ शकतो काय? सिद्धांती म्हणतो, नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान धरता येते, पण गॅस बंद करून खिडकी उघडल्यावर ते अनुमान बाधित होते. नैयायिकांनी ओल्या लाकडाची उपाधी सांगितली होती. इथे ओला कढीपत्ता ही उपाधी समजावी. आणि तरीही मालक आलाच, तर धूर बाहेर टाकणारा पंखा चालू स्थितीत का नव्हता, हा प्रश्न सासूबाईंनी त्याला विचारावा. त्या विचारतीलच.

तिसरे अधिकरण सर्वांत मोठे, कारण त्यात सासूबाई स्वतः आहेत.

संशय: पाहुणा कोणाचा? पूर्वपक्ष म्हणतो की घर मालकाचे, तेव्हा घरात येणारा माणूस मालकाच्या माहितीतला हवा. मालकाकडे पाहुण्याचे ज्ञान होण्याची साधनेही भरपूर आहेत. प्रत्यक्ष: बाल्कनीत वाळणारे नऊवारी. शब्दप्रमाण: शेजारीण. अर्थापत्ती: देवदत्त आणि बायको दोघे कामावर असताना दुपारी बारा वाजता घराबाहेरच्या तपकिरी कचरापेटीत भाज्यांची साले पडतात, दिवसा घरात कोणी जेवत नाही तरी पेटी लठ्ठ होते, तेव्हा तिसरी व्यक्ती मानल्याखेरीज गत्यंतर नाही. पुण्या-मुंबईत इतके डोके चालवावे लागत नाही. तिथे गेटवर वही असते: नाव, कोणाकडे, किती वाजता, सही. ल्यूकनला वॉचमन नाही, त्यामुळे मालकाला तर्कशास्त्र शिकावे लागते.

सिद्धांत सांगण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, ज्या सगळे लोक (आणि पुष्कळ मालक) एकत्र करतात: येणे आणि राहणे. नागरिकांना हक्क समजावून सांगणारी सरकारी सेवा, सिटिझन्स इन्फर्मेशन, असे सांगते की भाडेकरूला रात्री किंवा थोड्या मुदतीसाठी पाहुणे ठेवता येतात, करारात स्पष्ट मनाई नसेल तर. मात्र घरात आणखी कोणी राहायलाच येणार असेल तर मालकाला कळवावे. कायद्याच्या कलम १६ मध्येही भाडेकरूने घरात नेहमी राहणाऱ्या प्रत्येकाची ओळख मालकाला लेखी द्यायची आहे. सारा भार ‘नेहमी’ या शब्दावर. पाहुण्याने शेजाऱ्यांना ताप दिला तर मात्र जबाबदारी भाडेकरूची. त्याने आणलेल्या माणसाचे वागणे त्याच्या नावावर लागते. सासूबाईंची पहाटे साडेपाचची मिक्सरवरची चटणी या खाली येते की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. सततचा त्रास असेल तर येऊ शकेल, असे माझे मत आहे, आणि मी ते त्यांच्यासमोर मांडणार नाही.

मग नव्वद दिवस म्हणजे येणे की राहणे? इथे एक सुंदर पुरावा आपल्या हातात आहे आणि तो देवदत्ताच्या लक्षात आलेला नाही. अल्प मुदतीचा व्हिसा मिळवताना सासूबाईंनी सांगलीचे घर, सासऱ्यांचे पेन्शन, बँकेचे पासबुक, परतीचा बेत असा सगळा दप्तरखाना वकिलातीकडे पाठवला. ‘मी नेहमी राहते ती सांगलीलाच’ हे सिद्ध करण्यासाठीच ती सारी खटपट होती. आयर्लंडच्या सरकारला हे पटले, शिक्का बसला. मग जी बाई आयर्लंडच्या एका खात्याच्या मते नेहमी सांगलीला राहते, ती दुसऱ्या कायद्याखाली नेहमी ल्यूकनला कशी राहील? तेव्हा सासू ही वास्तव्य नसून पाहुणी आहे. इति सिद्धांत.

तरी एक ओळ कळवलेली बरी. कळवणे वेगळे आणि विचारणे वेगळे. ‘माझ्या सासूबाई अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे असतील’ हे कळवणे. ‘आपली हरकत नसेल तर, त्या फारच शांत आहेत, त्या हॉलमध्ये झोपतील, वीज कमी वापरतील, सॉरी’ हे विचारणे. दुसऱ्या प्रकारच्या ईमेलला मालक उत्तर देतो, आणि उत्तर दिले की तो परवानगी देणारा होतो. पुढच्या खेपेला त्याला नाही म्हणण्याचीही सोय मिळते. कायद्याने आखलेली रेघ मालक क्वचितच ओलांडतो. बहुतेक वेळा आपण ती पुसून, हात धुऊन, त्याला आत बोलावतो. या अधिकरणात मला एवढेच गांभीर्याने म्हणायचे होते. बाकीचे विनोदाने घ्यावे.

सासऱ्यांनाही यायचे असेल तर हवेचा प्रश्न येतो. १९६६ च्या गृहनिर्माण कायद्याचे कलम ६३ घरात गर्दी केव्हा झाली हे सांगते: झोपायच्या खोलीत माणशी ४०० घनफुटांपेक्षा कमी मोकळी हवा असली की. खोली कितीही उंच असो, उंची आठ फूटच धरायची. देवदत्ताची दुसरी खोली नऊ बाय आठ, म्हणजे ५७६ घनफूट. सासूबाई त्यात बसतात, वर १७६ घनफूट उरतात. सासरे आले की २२४ घनफूट कमी पडतात, ते त्यांनी सांगलीहून आणावेत. अर्थात कायदा मोजतो ती नेहमी झोपणारी माणसे, आणि सासरे नेहमी सांगलीला झोपतात (दुपारीसुद्धा), म्हणून ते सुटतात. हेच सूत्र मी गंमत म्हणून मुंबईच्या बीडीडी चाळीला लावून पाहिले. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. आठने गुणले की १,२८० घनफूट. ४०० ने भागले की ३.२ माणसे. जिथे आई-वडील, चार भावंडे, गावाहून गिरणीत लागायला आलेला पुतण्या आणि गणपतीला आलेली आत्या एका वेळी झोपत, तिथे आयरिश शास्त्राप्रमाणे तीन माणसे आणि चौथ्याचा पाय मावतो. पुतण्याला कोणी लेखी कळवल्याचे ऐकिवात नाही.

पाहुणाबंदीचा इतिहासही आयर्लंडमध्ये आहे, आणि तो उलटा आहे. एकोणिसाव्या शतकात इथला जमीनदार पाहणीला येत नसे. तो कित्येकदा इंग्लंडात राही आणि त्याचा कारभारी कुळांची घरे पाडायला माणसे घेऊन येई. मेयो परगण्यातल्या मायकेल डेव्हिटच्या कुटुंबाला तो चार वर्षांचा असताना असेच बाहेर काढले होते. त्याच डेव्हिटने १८७९ मध्ये लँड लीग उभी केली. पुढच्या वर्षी आयरिश पुढारी पार्नेल याने एनिसच्या सभेत सांगितले की दुसऱ्याला हुसकून मोकळी झालेली शेती जो घेईल त्याला एकटे पाडा. काही दिवसांतच लॉख मास्क तलावाकाठी लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर हा प्रयोग झाला. मजूर गेले, नोकर गेले, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. त्याच्या दारात पाहुणा म्हणून कोणी उभे राहीना. शेवटी पन्नास स्वयंसेवक सैन्याच्या पहाऱ्यात येऊन पीक काढून गेले. ५०० पौंडांचे पीक काढायला १०,००० पौंड खर्च झाला, असा हिशेब सांगतात. थोडक्यात, कुळांनी मालकाच्या माणसावर घातलेली पाहुणाबंदी सरकारला वीसपट महाग पडली. पुढे १९०५ नंतर टिळकांनी हाच ‘बॉयकॉट’, म्हणजे बहिष्कार, आपल्या चतुःसूत्रीत घेतला. पुण्यात ते तंत्र नंतर मालकांच्या हाती जाऊन ‘बॅचलरांना मज्जाव’ या रूपात कसे स्थिरावले, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

आता चौथे अधिकरण, ज्याने वरची तिन्ही कोसळतात. ते आहे मालकाच्या झोपेचे.

२००४ च्या कायद्याचे कलम ३ सांगते की ज्या घरात मालक स्वतःही राहतो त्या घराला हा कायदा लागूच नाही. म्हणजे देवदत्ताने ल्यूकनला स्वतंत्र घर न घेता, दोन गल्ल्या पलीकडे एखाद्या आजींच्या घरातली खोली घेतली असती, तर तो भाडेकरूच नसता. तो निव्वळ परवानगीने राहणारा. कलम १२ नाही, कलम १६ नाही, आरटीबी नाही. आजी खोलीत कधीही डोकावू शकतात, सासूबाईंना नाही म्हणू शकतात, आणि निघा म्हणताना फक्त वाजवी मुदत द्यायची. अनामत बुडाली तर दोन हजार युरोंपर्यंत छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जाता येते, बस. हक्क सगळे मालक रात्री कुठे पाठ टेकतो यावर. मालकाने घर बदलले नाही, रंग दिला नाही, भाडे वाढवले नाही. तो फक्त वर येऊन झोपू लागला, तर तुमच्या खोलीच्या किल्ल्याचे बुरूज ढासळतात. एवढेच नाही, झोप वारसाहक्काने चालते: मालकाचा मुलगा, मुलगी, आई-वडील किंवा पती-पत्नी तिथे राहत असेल आणि लेखी करार नसेल, तरी तेच.

सरकारला ही झोप आवडते. घरात खोली देणाऱ्याला वर्षाला १४,००० युरोंपर्यंतचे भाडे करमुक्त आहे. एक युरो वर गेला की सगळ्या रकमेवर कर. म्हणून नाशिकहून एमएस करायला आलेली मुलगी कॉलेजजवळच्या अशाच घरात सोमवार ते शुक्रवार राहते. शनिवार-रविवार तिने कुठे असावे, हा तिचा प्रश्न. आठनंतर स्वयंपाकघर बंद. मैत्रीण वर येणार नाही. आणि सर्वांवर राज्य करते ते इमर्शन: पाणी तापवणारे बटण, ज्यावर ‘सिंक’ आणि ‘बाथ’ असे दोन टप्पे असतात. ते चालू राहिले की काय, या शंकेने आयरिश माणसे अर्ध्या रस्त्यातून परत फिरतात. बादलीने अंघोळ करणाऱ्या आपल्या मुलीला ‘बाथ’ कधी दाबायचे कळत नाही, आणि ती ‘सिंक’वर पाच तांब्यांत आटोपते. तिथल्या आजींना हे इतके पसंत पडले की त्यांनी तिला रविवारी राहायची मुभा दिली. हक्क नाही, मुभा. कलमांत तिची नोंद होणार नाही.

एक शेष प्रश्न उरतो. समजा ल्यूकनला मालक ठरल्या वेळी पाहणीला आला. सासूबाईंनी त्याला पाहुणा समजून पुरणपोळी वाढली, दोन वाढल्या, वर तूप. तो सोफ्यावर टेकला आणि घोरू लागला. मालक ज्या घरात झोपला त्या घराला कायदा लागू राहतो काय? पूर्वपक्षी म्हणतो, नाही. झोप लागली, कायदा गेला. सिद्धांती म्हणतो की पुरणपोळीनंतरची एक डुलकी म्हणजे वास्तव्य नव्हे. तो थोड्या मुदतीचा पाहुणा आहे, आणि भाडेकरूला असे पाहुणे ठेवता येतात, करारात मनाई नसेल तर. मनाई असेल तर देवदत्ताने मालकाला जागे करावे, आणि त्याच्या इथे झोपण्याला त्याचीच लेखी हरकत नाही ना, हे विचारून घ्यावे.